शालनच्या पानावरचा हिरवा तुकडा

नको म्हणता? अहो, डबा उघडून बघा तरी! नुसता रंग बघून मान फिरवायची म्हणजे… चार दिवस झाले, तुम्हाला सांगतो, रोज संध्याकाळी हा डबा घेऊन नेरूळच्या या बागेत येतो, याच बाकड्यावर बसतो, आणि डबा उघडला की सगळ्या जगाला एकदम शुगर होते! परवापर्यंत वडापाव हाणत होता तो शेजारच्या बाकड्यावरचा सीताराम, काल मला म्हणतो, "हौसेराव, डॉक्टरांनी गोड बंद केलंय." गोड? अहो, यात गोड असतं तर आणखी काय पाहिजे होतं! ही ग्रीन टी ब्राउनी हाय. घरी केलेली. मी केलेली, या हातांनी… चौतीस वर्षं वाशीच्या मार्केटात कांद्या-बटाट्याच्या गोणी उचलल्या, त्या हातांनी! घ्या एक तुकडा. नको? बरं, राहिलं.

आता तुम्ही म्हणाल, या म्हाताऱ्याला ही काय अवदसा आठवली? सांगतो. माझी बायको, शालन, गेल्या वर्षी चैत्रात गेली. एक्कावन्न वर्षांचा संसार, आणि गेली कशी, तर दुपारची भांडी घासली, पालथी घातली, जरा पडते म्हणाली, ती पडलीच… जाऊ दे. वर्षश्राद्ध झालं, आणि आता भाद्रपदात तिची पहिली नवमी आली. अविधवा नवमी हो, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचा म्हाळ त्या दिवशी घालतात. नवरा मागं ठेवून गेली म्हणजे भाग्याची, असं सगळे म्हणतात. भाग्य कसलं, ते मागं राहिलेल्याला विचारा की एकदा!

तर नवमीच्या तीन दिवस आधी आमची सूनबाई, शुभदा, वही-पेन घेऊन माझ्यासमोर बसली. बँकेत नोकरीला हाय ती, सगळं लिहून करते. मला मामा म्हणते, शालनला आत्या म्हणायची. "मामा, खीर, वडे, कढी, गवार, भोपळा, सगळं धरलंय. आत्यांच्या आवडीचं काय ठेवायचं पानावर?" म्हणलं, हा काय प्रश्न झाला? पुरणपोळी! शुभदा लिहीनाच. "मामा, पुरणपोळी तुम्हाला आवडते." बरं, मग भरलं वांगं लिही. "ते कुलदीपना." कुलदीप म्हणजे माझा मुलगा, तिचा नवरा. बरं, मग साबुदाण्याचे वडे? "ते प्रियाला." प्रिया म्हणजे प्रियदर्शिनी, माझी नात, बेंगळुरूला नोकरी करते. बघा म्हणजे… घरातल्या सगळ्यांच्या आवडी पाठ, आणि जिनं सगळ्यांचं रांधलं, तिच्या नावापुढं वही कोरी! मी तिथंच बसलो, तुम्हाला सांगतो, पंख्याकडं बघत. एक्कावन्न वर्षं एका ताटासमोर जेवलो, आणि ताटाच्या पलीकडं कोण काय खातंय ते बघितलंच नाय?

पण हार मानली नाय. शालनच्या भावाला फोन लावला. विलास, गावाकडं असतो, कोरेगावजवळ. "दाजी, ताईला बोरं लय आवडायची. कच्ची, मीठ लावून." अरे बाबा, भाद्रपदात बोरं आणू कुठनं? आणि ही लग्नाआधीची गोष्ट झाली, नंतरचं सांग की! तर तो म्हणला, "दाजी, नंतरचं तुमी सांगायचं ना. नंतर ती तुमच्याकडंच होती." बोला आता! फोन ठेवला. बराच वेळ कान गरम होता.

मग खाली उतरलो. कोपऱ्यावर सारसोळ्याची सुंदराबाई मासळी घेऊन बसते, शालनची वीस वर्षांची मैत्रीण. म्हणलं, म्हाळात मासळी चालत नाय, पण निदान कळू तरी दे! सुंदराबाई कोलंबी सोलता सोलता म्हणाली, "कोलंबी न्यायची ना ती. पन दर टायमाला सांगायची, आमचे मालकांना आवडते म्हनून. सोताचं नाव कदी घेतलंन नाय बाय तिनं." म्हणजे कोलंबीपण माझीच!

आणि घरी परत येताना, जिन्यात, तिसऱ्या मजल्यावर… आठवलं! दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात प्रिया सुट्टीला आली होती, तिनं ओव्हनमध्ये हे हिरवं काहीतरी केलं होतं, आणि मी, या डोळ्यांनी, शालनला ओट्यापाशी उभं राहून ते खाताना बघितलं होतं! चहाबरोबर. दुसऱ्या दिवशी परत एक. तिसऱ्या दिवशी परत! कुणी आग्रह केला नाय, कुणी वाढलं नाय, स्वतःच्या हातानं डबा उघडून! अहो, सुटलो ना मी! गुडघे दुखतात ते विसरून वर पळत गेलो. "शुभदा, लिही! हिरवा केक! शालनला हिरवा केक आवडायचा!" शुभदानं माझ्याकडं बघितलं… तोंड उघडलं… मिटलं. "बरं मामा, लिहिते." म्हणलं, लिहितेस काय, मी करणार हाय! माझ्या हातानं! एक्कावन्न वर्षांत तिला साधा चहा करून दिला नाय, हे तरी करीन. घ्या हो, अर्धा घ्या. नको? राहिलं.

आता करायचं म्हणजे काय, मला वाटलं, ग्रीन टी, तर ग्रीन टी! कुलदीप पोट कमी करायला त्या दोरीच्या पुड्या गरम पाण्यात बुडवून पितो… पोट हाय तिथंच हाय, पण पुड्या होत्या. बारा पुड्या फाडल्या, मैद्यात ओतल्या, साखर, दही, लोणी, घोटलं सगळं आणि ढकललं आत. बाहेर काय आलं? टाकी धुताना तळाला जो गाळ निघतो ना, तो! वर दातात कचकच. प्रियाला व्हिडिओ कॉल लावून दाखवलं, तर ती डोक्यालाच हात लावून बसली. "आजोबा, हे काय घातलंत? ग्रीन टीची पावडर लागते! माचा!" तो सगळा घाणा मी उचलला आणि ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकला. एका दमात. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार हाय.

दुसऱ्या दिवशी शुभदानं बँकेतून येताना पावडर आणली. एवढीशी डबी, हिरवीगार. फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला, त्यात प्रिया. "आजोबा, आधी ओव्हन प्रीहीट करा." म्हणजे? "रिकामा तापवायचा." अगं, आत काय नसताना? "हो." बरं बाई. "बटर रूम टेंपरेचरला हवं." अगं, या रूमचं टेंपरेचर असं हाय की बटर ताटलीत पोहतंय! "अंडी फेटा." म्हाळाच्या पानावर अंडं? "अरे हो, सॉरी सॉरी, मग दही घ्या. आणि माचा तीन टीस्पून. जास्त नको हां." आता मला सांगा, पन्नास किलोची गोण पाठीवर पडली की मी सांगायचो, शेठ, अर्धा किलो कमी हाय, आणि शेठ काट्यावर घालून बघायचा, तर कमीच निघायची! असल्या माणसाला टीस्पून काय शिकवता? ओट्यावर पोह्याचा चमचा होता, त्यानं घातली तीन. शीग लावून. तिच्यासाठी करतोय, हात आखडता कशाला घ्यायचा? नंतर कळलं, टीस्पून म्हणजे चहाचा चमचा. पण तोपर्यंत ओव्हनचं दार लागलं होतं.

आणि मग पंचवीस मिनिटं. स्टूल घेऊन ओव्हनसमोर बसलो. आत दिवा, त्या काचेतून ते हिरवं हळूहळू फुगताना दिसत होतं. आणि तुम्हाला सांगतो, हसू नका… जेवायला बसून, ताट कधी येतंय म्हणून मी आयुष्यभर वाट बघितली. पण चुलीसमोर बसून, शिजतंय का, बिघडतंय का, त्याला आवडेल का, ही वाट कधी बघितली नव्हती. ही वाट वेगळी असते हो. पंचवीस मिनिटांत माझा जीव अर्धा झाला, तिनं एक्कावन्न वर्षं दोन्ही वेळेला हे केलं, आणि मी काय म्हणायचो? "मीठ कमी हाय."

दात कोरायची काडी खुपसली, कोरडी निघाली. सोळा तुकडे पडले. चव बघितली नाय. म्हाळाचं आधी कसं उष्टवायचं?

नवमी उजाडली. शुभदानं पान वाढलं, मधोमध माझा हिरवा तुकडा. गच्चीवर गेलो, तर तिथं आधीच पाच घरांची पानं मांडलेली, आणि कावळे किती? दोन! पंधरवडा लागल्यापासून जेवून जेवून दोघं असे सुस्तावलेले, कठड्यावर बसून पानांकडं बघतात, जसं लग्नात शेवटच्या पंगतीला वाढपी बघतो. एकानं शेजारच्या पानावरचा वडा उचलला. आमच्या पानाकडं बघितलं आणि मान तिरकी केली. मी हात जोडले. म्हणलं, शालन, ये. प्रियाच्या लग्नाचं सगळं नीट करीन. काही नाय. म्हणलं, बीपीची गोळी चुकवणार नाय. पंख पण हलवला नाय. अर्धा तास झाला, ऊन डोक्यावर, कुलदीप म्हणतो, "बाबा, चला आता, माझी मीटिंग आहे." शेवटी म्हणलं, शालन, इथनं पुढं जेवलेलं ताट मी स्वतः उचलीन. आणि तुम्हाला सांगतो, देवाशपथ, कावळा उतरला!

खीर खाल्ली. वडा खाल्ला. गवार खाल्ली, गवार! भात चिवडला, कढीत चोच बुडवली. पान चाटूनपुसून स्वच्छ… आणि मधोमध हिरवा तुकडा, जसाच्या तसा. एकदा चोच लावली होती त्याला. लावली, झटकली, कठड्याला दोनदा पुसली, आणि उडाला.

कुलदीप म्हणला, "बाबा, शिवला ना, झालं तर." काय झालं? तिच्या आवडीचं तेवढंच सोडून गेला! खाली आलो, शुभदाला म्हणलं, कावळा खोटा हाय, मी बघितलंय, शालननं तीन दिवस खाल्लं होतं! आणि शुभदाच्या डोळ्यांत एकदम पाणी. "मामा, त्या दिवशी तुमचा चेहरा बघितला, म्हणून सांगवलं नाही. आत्यांना ते अजिबात आवडलं नव्हतं. प्रियाचं बिघडलं होतं, कडू झालं होतं, कुणी तोंडात धरेना. मी टाकायला निघाले, तर आत्यांनी डबा हातातून काढून घेतला. म्हणाल्या, पोरीनं एवढं जीव लावून केलंय, वाया कशाला घालवायचं? रोज एक तुकडा चहाच्या घोटाबरोबर गिळायच्या. आठ दिवस."

मी म्हणलं, मग तिला आवडायचं काय? मला काय ते एकदाचं सांग! तर शुभदा पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मामा, चोवीस वर्षं मी रोज विचारायचे, आत्या, तुम्हाला काय वाढू? त्या म्हणायच्या, काय उरलंय?"

काय उरलंय.

बास. यापुढं कुणाला फोन लावायचा राहिला नाय. मी आत जाऊन बसलो. पहिल्यांदा आठवलं काय माहितीय? ती ओल्या कचऱ्याची बादली. माझा पहिला घाणा मी एका दमात टाकला होता. ती असती तर टाकू दिला असता? दातात कचकच वाजली असती, तरी खाल्ला असता, आणि मी समोर बसून समजलो असतो, हिला आवडलं!

मग उठलो, डबा काढला, पंधरा तुकडे होते. एक तोंडात टाकला. कडू म्हणजे काय, तुम्हाला सांगतो, कडुलिंबानं लाजावं! कावळ्याचं काही चुकलं नव्हतं हो. पण आता टाकायला हात होईना. केलंय एवढं. वाया कशाला घालवायचं? तेव्हापासून सकाळी एक, संध्याकाळी इथं तुमच्यासारख्या कुणाला तरी विचारून एक. कुणी घेत नाय, मीच खातो. सात राहिलेत. आणि हो, ताट उचलतो. शब्द दिलाय, त्या कावळ्यासमोर.

पण खरी गंमत पुढंच हाय. काल शुभदानं फोनवर प्रियाला कौतुकानं सांगितलं, आजोबा रोज दोन वेळा ते ग्रीन टीचं खातात, स्वतः डबा उघडून! झालं! पोरगी खूश! "आजोबा, तुम्हाला एवढं आवडतं? दिवाळीला येते ना, मोठा ट्रे करते तुमच्यासाठी!" एवढा आनंद होता हो आवाजात… म्हणलं, कर बाळा.

म्हणजे आता ठरलंच. उद्या मी गेलो की माझ्या पानावर काय येणार, ते सगळ्यांना पाठ. शुभदा वही घेऊन विचारायचीसुद्धा नाय. गच्चीवर पान मांडतील, मधोमध हिरवा तुकडा, कावळा येईल, चोच लावील, कठड्याला पुसून उडून जाईल… आणि मी वरनं ओरडतोय, अरे पुरणपोळी ठेवा रे, पुरणपोळी… तर ही सगळी खाली हात जोडून, डोळे पुसत म्हणणार, "आजोबांचा जीव अडकलाय हो त्यात… अजून एक तुकडा ठेवा!"