त्यायची निशानी डोंगा

माझं माहेर सिंदीचं, सिंदी रेल्वे. बाप कापसाच्या बाजारात तोलारी करे, तं काय सांगू तुमाले, दिवाळी सरली का आमच्या घरासमोरून बंड्यायची रांग लागे, बैलायचे घुंगरू, गाडीवानायचा कल्ला, तिकून रेल्वेची शिटी, अन् बापाचा आवाज साऱ्यायच्या वरून. अशा कल्ल्यात मी वाढली. अन् बोले तं इतकी बोले का माय म्हने, हे पोट्टी सासरच्यायचे कान किटवते. आता पाहा. सकाळपासून माझ्या दारात आलेलं तुमीच पयलं मानूस, नाई तं शेजारची कोंबडी येते, इकडं तिकडं पाह्यते, अन् चालली जाते.

तुमाले आमच्या घरधन्याच्या आमदारकीची माहिती लिवून पायजे म्हनता. कितीक मतं पडले, कोन समोर होतं. मतं मले नाई ठाऊक. एक डाव निवडून आले, एक डाव पडले, एवढीच त्यायची आमदारकी, तुमचं काम तं दोन ओळीत होते. नाव इचारता, तं थांबा जराक, ते शेवटी पाहू. आमच्या वक्ताले बायको नवऱ्याचं नाव घेत नोती. माय म्हने, नाव घेतलं का मानसाची उमर कमी होते. घ्याचंच पडलं तं लग्नात, हळदीकुंकवाले, तेबी उखान्यात गुंडाळून. घरात हाक माराची तं आयकलं काय, बस, एवढंच. आयकलं काय, जेवन झालं. आयकलं काय, गाय सुटली. त्याच्यातच आमची सारी जिंदगी.

लग्न होऊन मी इकडं अल्लीपूरकडं आली. सासऱ्याची कास्तकारी, घर खाऊनपिऊन बरं. हे बेचाळीसात जेलात गेलते, तवा माझी कमल पोटात होती, अन् सुटून आले तं यायचं घरात मनच लागे ना. कोनाची विहीर अडली, कोनाच्या वावराचा धुरा, म्हंजे बांध, कोनी सारला, का हे चालले त्याच्यासंगं तहसीलीत. ताटावरून उठून जात. सासू म्हने, याच्या पायाले भिंगरी हाय. मी म्हनो, भिंगरीबी फिरून फिरून जाग्यावर येते, यायचं काई खरं नाई.

मंग पयलं इलेक्शन आलं. पक्षानं तिकीट नाई देल्लं तं हे अपक्ष उभे राह्यले, अन् निशानी भेटली डोंगा. आता आमच्या इकडं डोंगा कोनाच्या कामाचा? वना नदीले पूर असला तं चाले, बाकी साल बाया लुगडं वर खोचून पायीच नदी उतरत. लोकं हासले. पन तवा आताच्यावानी शिक्का माराचं नोतं, बटन तं नोतंच नोतं. पडद्यामांगं हरेक उमेदवाराची अलग पेटी राहे, पेटीवर त्याच्या निशानीचं चित्र, आपुन कागद घ्याचा अन् आपल्या मानसाच्या पेटीत टाकाचा. मंग पोट्टे गावोगाव वरडत फिरले, डोंग्याच्या पेटीत टाका, डोंग्याच्या पेटीत.

त्याच्या आंधी घरोघर नावं लिवाले आलते, पटवारी अन् संगं एक बाबू. मी चुलीपाशी. दारातून इचारलं, बाई, नाव काय? म्या म्हनलं, कमलची माय. घरधन्याचं नाव? म्या तोंड फिरवून घेतलं. सासूनं म्हनलं, लिवा न कमलची माय, साऱ्या गावाले मालूम हाय. त्यायनं लिवलं. आमच्या गल्लीत साऱ्यायनंच असं लिवलं, कोनी रामाची माय, कोनी पाटलाची सून. वरून हुकूम आला का असे नावं चालत नाई, काटून टाका. आमाले कोन सांगते? मतदानाच्या दिवशी मी नवं लुगडं नेसून, बायायसंगं गाने म्हनत शाळेत गेली, मास्तरानं कागदावरून बोट फिरवलं अन् म्हनलं, तुमचं नाव नाई बाई, घरी जा. म्या म्हनलं, अहो, माझाच मानूस उभा हाय. तो म्हने, तं मंग कोन हाय तुमचा मानूस, नाव सांगा. आता काय सांगाव? आली मी परत. वावरात कापूस फुटून राह्यलता, त्याच लुगड्यावर वेचाले गेली.

हे निवडून आले. गुलाल उधळला, बंडीवर बसवून आनलं, नान्हे नान्हे पोट्टेबी यायचं नाव घेऊन जिंदाबाद करे. मी दारात आरतीचं ताट घेऊन उभी. गर्दी इतकी का हे दारापर्यंत येईपर्यंत निरांजनाची वात सरून गेली. साऱ्या तालुक्याच्या तोंडात ते नाव, एक माझ्याच तोंडात नाई. मले तवा हासू आलतं. मंगमंग नाई आलं.

नागपूर तवा राजधानी होती आपली. हे तिकडंच राहाले लागले. घरी येत तं जीपगाडी भरून येत, ओट्यावर मान्सं, मी चहा उकळत राहो, कप पडदा सारून बाहेर देल्ले का झालं. त्यायचा आवाज मले भितीआडून आयकू ये, तेवढाच. सासू मेली, सासरे मेले. कमलचं लग्न झालं, आर्वीले देल्ली, लग्नात हे मांडवात कमी अन् मांडवाबाहेर जास्त, पाहुन्यायचे अर्ज घेऊन राह्यलते. कमल गेल्यावर घर असं झालं का भांडं पडलं तं मीच दचको. भाकर कोनासाठी कराची? एकटीसाठी चूल पेटवाले जिवावर ये.

एक डाव मनानं घेतलं, आपुनच जाव. संक्रांत होती. तिळाचे लाडू केले, डब्बा बांधला, सिंदीले माहेरी गेली अन् तिथून रेल्वेनं नागपूर. आमदार राहत त्या आवाराच्या फाटकावर एक चपराशी होता, बुढा, मिशीवाला. म्हने, किससे मिलना है बाई? म्या म्हनलं, आमदाराशी. तो हासला. यहाँ सब आमदार ही रहते हैं. म्या म्हनलं, आमचे. कौन आपके? म्या म्हनलं, वर्धा जिल्ह्याचे. वो भी बहुत हैं, नाम बताओ. आता आली का पंचाईत? म्या सांगतलं, उंच हायत, सावळे हायत, हसले का डावीकडं खळी पडते. तो म्हने, बाई, खळी देख के मैं किसीको नहीं पहचानता, नाम बताओ, अभी बुला देता हूँ. दोन अक्षरायची गोष्ट होती. जिभेवर आलं हो, पन मायचं बोलनं आठोलं, उमर कमी होते. नाई घेतलं. बसली झाडाखाली.

दुपार कलली तवा फाटकातून एक जीप निघाली. त्याच्यात हे, आजूबाजूले चार मान्सं. मी उठून उभी राह्यली. म्या म्हनलं, आयकलं काय. आता रस्त्यावर आयकलं काय म्हनलं तं कोन वळून पाह्यन? जगातल्या साऱ्याच बाया आयकलं काय म्हनते. जीप गेली. चपराशी पाहून राह्यलता, म्हने, वही थे क्या? म्या मान हालवली अन् लाडवाचा डब्बा त्यालेच देल्ला, म्हनलं, खाय बाबू. त्याच गाडीनं सिंदीले परत. बापाले सांगतलं, भेट झाली. इतकं एकटं मले सासू मेल्यावरबी नोतं वाटलं.

मंग राज्यं बदलले, नागपूर गेलं अन् मुंबई आली. म्हंजे हे तं गेलेच. नागपूरच्या रेल्वेचा धूर तरी निदान सिंदीतून दिसे. मी गिरडले गेली, डोंगरावर, बाबाच्या दर्ग्यावर. आमच्या घरचे पयलेपासून जाते तिथं. दुसरं इलेक्शन जवळ आलतं, निशानी याबी डाव डोंगाच. म्या दोन्ही मांगितलं, म्हनलं, बाबा, त्यायले निवडून आन, अन् त्यायले घरी आन. उतरतानी माझी मलेच शरम वाटली, का दोन्ही एकासंगं कसं भेटन?

या वक्ती नाव लिवाले आले तं म्या सोताचं नाव बराबर सांगतलं, सुभद्रा. धन्याचं नाव पटवाऱ्याले ठाऊकच होतं, त्यानं लिवून घेतलं. पन मले मालूम होतं, शाळेत इचारतीन. तं मी हरभरा सोंगता सोंगता उखाना जुळवत राह्यली. उखान्यात नाव घेतलं तं चालते न? जुळला एकडाचा. अन् मले वाटलं, चांगलं झालं, हे येतीन गावात त्या दिवशी, आपल्या बायकोनं साऱ्यायसमोर आपलं नाव घेतलं हे आयकतीन.

शाळेत वर्धेचा कोनी मास्तर बसलता. नाव? सुभद्रा. नवऱ्याचं नाव? म्या पदर सावरला अन् चांगला मोठ्यानं घेतला,

वनेच्या पुरात डोंगा, डोंग्याले हाय काठ,
अमक्याचं नाव घेतो, घर पाह्यते त्यायची वाट.

तिथं म्या अमक्या नाई म्हनलं, खरं नाव घेतलं. मांगं रांगेतल्या बाया अशा खूश झाल्या का लग्नात बसल्यावानी टाळ्या पिटल्या. अन् समोरच्या पार्टीचा मानूस ताडकन उठला. साहेब, या बाईनं निशानी बोलली, हा परचार झाला, हिचं मत घेऊ नका. मले तं समजेच ना, म्या काय गुन्हा केला? म्या म्हनलं, मास्तर, आमच्यात नाव असंच घेते. मास्तर हासू दाबून राह्यलता. त्या मानसाले म्हने, अहो, नाव म्याच इचारलं, त्यायनं सांगतलं, बसा खाली. अन् मले कागद देल्ला.

पडद्यामांगं गेली. पेट्या मांडून ठेवल्या होत्या, एकीवर डोंगा. तिथं कोनी नोतं. इतक्या सालात मी अन् ते असे एकटे भेटलोच नोतो, अन् आता भेटलो तं पेटी. म्या कागद टाकला अन् पेटीवर हात ठेवला. म्हनलं, आयकलं काय, कमलले दिवस गेले हायत, तुमी आजोबा होऊन राह्यले. हे सांगाचं होतं मले कधीचं, सांगाले मानूसच भेटे ना. डोये भरून आले. बाहेरून मास्तर म्हने, बाई, झालं काय? म्या म्हनलं, झालं.

उखान्याची गोष्ट साऱ्या तालुक्यात झाली. हे त्या दिवशी हिंगनघाटाकडं होते. ज्याचं नाव त्यानंच नाई आयकलं.

हारले. चांगलेच हारले. लोकं म्हनले, मुंबईले जाऊन बसले तं आमाले काय उपेग? जीप गेली, मान्सं गेले. बाबानं माझ्या दोनातलं एक आयकलं.

हे घरी आले, पन घरी नोते. ओट्यावर बसत, रस्त्याकडं तोंड करून, टोपी मांडीवर. कोनी चाललं का मान ताठ करत. तो मानूस रामराम करून समोर जाये. मी आतून हाक मारो, आयकलं काय, जेवन झालं. आयकत नोते. रागानं नाई हो. इतके साल साऱ्या दुनियेनं नाव घेऊन बोलावलं, तं आयकलं काय ही आपल्यासाठी हाक हाय हेच ते विसरून गेलते. ताट थंडं होये. मी जवळ जाऊन खांद्याले हात लावो तं उठत. दिवसामांगून दिवस असंच.

एक संध्याकाळी अंबाडीची भाजी केलती, त्यायच्या आवडीची. दोनडाव हाक मारली. नाई. मंग माझ्या मनानं काय घेतलं का माहीत, उंबरठ्यात उभी राह्यली अन् उखाना नाई, काई नाई, सरळ नाव घेतलं. जी लावून. म्हनलं, चला जेवाले.

ते झटकन उठले. टोपी डोक्यावर घातली, सदऱ्याची कॉलर सारखी केली, अन् रस्त्याकडं पाह्यलं. रस्त्यावर कोनी नोतं. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, मंग हळूहळू मांगं वळले. मी उभी. मले पाह्यलं अन् त्या मानसाचं तोंड असं झालं का मले वाटलं, काऊन घेतलं म्या नाव, आखीन थोडा वेळ यायले वाटू देल्लं असतं का कोनी आलं.

टोपी काढून खुटीले टांगली. चुलीपाशी येऊन बसले. पयला घास हातात धरला अन् म्हने, आखीन एकडाव म्हन. म्या म्हनलं. मंग म्या नागपूरच्या फाटकाचं सांगतलं, लाडवाचं, चपराश्याचं. त्यायनं घास ताटात ठेवून देल्ला. म्हने, मंग तवा काऊन नाई घेतलं? म्या म्हनलं, तुमची उमर कमी झाली असती तं? त्यायनं डोये पुसले अन् म्हने, आता घेत जाजो, रोज.

रोज घेतलं म्या. अन् मायचं बोलनं खोटं निंगालं, बुढा चांगला पिकून गेला, नातवाच्या लग्नात नाचून. पन परत कधी उभे नाई राह्यले, अन् ओट्यावर बसत तं तोंड घराकडं करून.

आता मीच हाय घरात. कमल म्हनते आर्वीले चाल, नाई जात मी. दिवेलागनीले उंबरठ्यात उभी राहून एकडाव हाक मारतो. शेजारीन म्हनते, बुढीचं डोस्कं फिरलं. फिरू दे. आता त्यायची उमर कमी व्हाचं भेव नाई. तुमचं लग्न झालं असन तं घरी सांगजा, नाव घेऊन हाक मारत जाय म्हना. सुखी राहा, बापा.

कागद काढा आता. आमदार एक डाव, निशानी डोंगा, गाव अल्लीपूरकडचं. नाव लिवा, नत्थूजी. थांबा, मी म्हनतो एकडाव मोठ्यानं, मंग लिवा.

नत्थूजी, चला जेवाले.