देवीच्या लुगड्यावरचा दाढीवाला हत्ती

मंडळी, आधी एक सांगा — आपली उलटी बाजू कुणाला दिसत नाही, असं कोणाकोणाला वाटतं? हात वर करा! एकही नाही? मग उपरणी एवढी घट्ट का धरलीत?

तर ऐका! सीमेवरच्या एका गावात सुंद्राबाई राहायची. तिचा मुलगा बसवंता, त्याचं लग्न ठरत आलेलं. मुलगी धारवाडकडची, आणि मुलीची आई निंगव्वा कसुती भरण्यात पट्टीची. कसुती माहीत आहे ना? इरकल लुगड्यावरचं सुईकाम! छाप नाही, रेघ नाही — कापडाचे धागे मोजायचे, एक टाका घालायचा, एक जागा सोडायची, असं टोकापर्यंत जायचं. आणि मग? त्याच वाटेनं माघारी यायचं, सोडलेल्या जागा भरत! गाठ म्हणून मारायची नाही. त्यामुळं जशी सुलट, तशीच उलट!

निंगव्वानं निरोप धाडला — "नवरात्रात देवीला तुमच्या हातचं लुगडं नेसवा. ते बघून मुलगी देईन."

सुंद्राबाईला नाही म्हणायची सोय नाही! कारण बसवंता हटून बसलेला — "आई, करीन तर हिच्याशीच!" पण बाईचं तोंड गप्प बसतंय होय? गल्लीभर सांगत सुटली — "माझी कसुती! उलट कुठली, सुलट कुठली, ब्रह्मदेवाला कळायचं नाही!" सांगण्यातच महिना गेला. राहिले चार दिवस!

बसली हत्ती भरायला. सोंडेपर्यंत झोकात गेली. आता माघारी? वाटच सापडेना! "मरू दे," म्हणाली, "उलटी बाजू कोण बघतंय? ती देवीच्या अंगाला लागणार!" मारली गाठ! सोंडेवरनं उडी पायावर, पायावरनं शेपटीवर — मागं सगळे दोरे लोंबतायत! पुढनं मात्र हत्ती कसा? राजाच्या दारातला!

पहिल्या माळेला सकाळीच गुरव लुगडं घेऊन गाभाऱ्यात गेला. आता मला सांगा — जन्मभर देवीला कसुतीची लुगडी नेसवणारा माणूस उलट-सुलट बघेल कशाला? आलं हाती तसं नेसवलं! पडदा सरकला — आणि आरती तोंडातच राहिली!

"अगं बाई, हत्तीला दाढी!"

"आन् शेपटी सोंडंला बांधलीया!"

सुंद्राबाई धावली. "अहो गुरवदादा, उलटं नेसवलंत की!"

"काकी," गुरव म्हणाला, "ब्रह्मदेवाला कळत न्हाई म्हणालासा. मी तर साधा गुरव!"

लुगडं बघायला आलेली निंगव्वा शेजारीच उभी. शांतपणे विचारते — "विहीणबाई, हत्तीचं वय काय हो?"

सुंद्राबाईच्या जिभेवर उत्तर तयार होतं — ही आमच्याकडची नवी नक्षी! पण समोर देवी, आणि खांबापाशी बसवंता, रडायच्या बेतात. लाज वाटली हो तिला, मनापासून वाटली. म्हणाली, "घाई केली. गाठी मारल्या. झाकून टाकलं. चूक माझी, पोराला शिक्षा नको."

निंगव्वा हसली. "सुलट बाजू सगळेच दाखवतात. उलटी आपल्या तोंडानं कबूल करणारी आजच बघितली. मुलगी दिली! दुपारी कात्री घेऊन या, हत्तीची हजामत दोघी मिळून करू!"

हसताय? हसा, हसा! कपाळावरचं गंध ही आपली सुलट बाजू. घरी ताटात मीठ कमी पडलं की जो आवाज निघतो, ती उलटी! मीही आलोच त्यात, आमची मंडळी पहिल्याच रांगेत बसलीय. पण बाबांनो, दोरे आत्ताच कापून घ्या. वर एक गुरव बसलाय — आणि तोही आलं हाती तसंच नेसवतो! बोला, आईचा उदो उदो!