महापौर ठरेपर्यंत

पिरंगुटच्या थांब्यावर बसची वाट बघत होतो. शेजारी दोघी बोलत होत्या.

“रत्नाकाकू, तुमच्या रिसॉर्टवर लई गर्दी हाय म्हणं?”

“व्हय गं रेश्मा. राजधानीतले नगरसेवक आणून ठेवलेत. महापौर निवडेपर्यंत कुणी फुटू नये म्हणून त्यांचे फोनबी काढून घेतलेत.”

“मग तिकडची कामं कोण बघतंय?”

“कोण न्हाई. तिकडं माझ्या लेकीच्या घरात गटाराचं पाणी शिरलंय. आठवडा झाला, तिच्या नगरसेवकाचा फोन बंद. काल मी न्याहारी घेऊन गेले, तर तोच गडी पोहायच्या तलावात! लेकीच्या गल्लीत त्याचा फोटो हाय, लगेच वळखला.”

“विचारलं का न्हाई तुमी?”

“विचारलं की. म्हणाला, आधी महापौर ठरू द्या, मग गटार बघू. मग हळूच म्हणाला, मावशी, तुमचा फोन द्या जरा. बायकोला विचारायचंय, आमी आज कुटल्या पक्षात हाय.”

“दिला?”

“दिला की. आधी लेकीला लावला, मग त्याच्या हातात दिला.”

“काय बोलली ती?”

“मला ऐकू आलं न्हाई. पण गड्याला पाण्यात उभ्या उभ्या घाम फुटला.”