पट्टी हलली नाही

नाव: सौ. हेमा माधव आगाशे. वय: ६३ वर्षे. व्यवसाय: घरकाम, पूर्वी पतपेढीत लिपिक. राहणार: बिबवेवाडी, पुणे.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की, मी वरील पत्त्यावर माझे पती माधव, पाटबंधारे खात्यातून निवृत्त, यांच्यासह राहण्यास आहे. मुलगा वरद खराडीला नोकरीस असून तिकडेच राहतो. नात ओवी सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे असते. मला जबाबासाठी कोणी बोलावलेले नाही. मोटार मेकॅनिक महिपती शेलार यांच्याविरुद्ध माझ्या पतींनी तक्रार दिली असून तिचा पुरवणी जबाब देण्यासाठी ते आज येथे आले आहेत. त्यांच्या आधी माझा जबाब घ्यावा, अशी मी विनंती केली.

आमची डिझेल मोटार जुनी आहे. निवृत्तीनंतर पतींना तिची देखभाल एवढे एकच काम उरले आहे. गेल्या वर्षापासून गाडी निळा धूर सोडू लागली आणि सिग्नलला उभी राहिली की थरथरायची. मेकॅनिक त्याला मिसिंग म्हणतात. अशा वेळी डॅशबोर्डवरचा गणपती मान डोलवायचा. पती म्हणायचे, "बघ, त्यालाही पटतंय." गाडी ऑइलही खात होती. पतींनी रात्रभर खाली पुठ्ठा पसरून पाहिला, त्यावर एक थेंब पडला नाही. म्हणजे गळत नव्हते, आत जळत होते. रोज सकाळी चहाच्या आधी खाली जायचे, बोनेट उघडून ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी ओढायची, पुसायची, पुन्हा घालून बघायची, असा त्यांचा परिपाठ होता. देवपूजा चुकली तरी हे चुकत नसे.

महिपती शेलार यांचे कात्रजकडे गॅरेज आहे. आमची गाडी सुरुवातीपासून तेच बघतात. त्यांचे म्हणणे होते की इंजिनाच्या रिंगा गेल्या आहेत, इंजिन खोलावे लागेल आणि या गाडीला ते परवडणारे नाही. पतींचे म्हणणे होते की टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा भाग, तेवढा गेला आहे. शेवटी पतींच्या हट्टाखातर महिपतींनी टर्बो बदलला आणि माझ्यासमोर सांगितले, "काका, आता आठ दिस गाडी चालवा अन् रोज पट्टी बघा. मधी वरून थेंबभर बी ऑइल टाकू नका, नायतर कायच कळायचं नाय. पट्टी उतरली तर रिंगाच हायेत. मग भंगारात द्यायची का कसं, तुमचं तुम्ही ठरवा."

दुसऱ्याच सकाळी पट्टी उतरली होती. पती वर आले आणि हातातले काळे फडके तसेच धरून खुर्चीत बसले. चहा घेतला नाही. म्हणाले, "चला. आमचंही निघायचं बघायला हवं आता." त्यांचा आवाज मला सहन झाला नाही.

त्याच दुपारी पती झोपल्यावर मी दुकानात जाऊन ऑइलचा डबा आणला. घरातल्या डब्याचा फोटो दाखवून तसाच मागितला. त्यांच्या डब्याला हात लावला असता तर कळले असते. खुंटीवरची किल्ली घेऊन खाली गेले, बोनेट उघडले आणि नरसाळे लावून पळीने ऑइल ओतले. पुढेही रोज दुपारी ओतत राहिले. डबा गव्हाच्या कोठीमागे ठेवत होते. डबा, नरसाळे व पळी आज हजर केली आहेत.

असे का केले, असे साहेबांनी विचारले. पतींना वाईट वाटू नये म्हणून केले, हे खरे आहे. पण तेवढेच खरे नाही. गाडी गेली असती तर ते दिवसभर घरात राहिले असते आणि भाजी कशी चिरावी हे मला सांगत बसले असते. मला ते नको होते. हेही लिहून घ्यावे.

त्यानंतर रोज सकाळी पती जिन्यातूनच सांगत येत, "पट्टी हलली नाही." त्यांनी वरदला फोन केला, वॉचमनला सांगितले, दूधवाल्याला थांबवून सांगितले, "टर्बोच होता. मी म्हटलं नव्हतं?" आमटी दुसऱ्यांदा मागून घेतली. गाडीचे थरथरणे थांबले नव्हते, पण इंजिनाखालची रबरे जुनी झाली आहेत असे त्यांनी स्वतःच ठरवून टाकले. इतक्या वर्षांत मी त्यांना एवढे खूश पाहिले नव्हते. मलाही बरे वाटत होते, हे सांगायला आता लाज वाटते.

ओतल्यावर मी पट्टी बघत नसे. घाई असे आणि चष्मा वर राहिलेला असे. शुक्रवारी संध्याकाळी ओवी यायची होती, ती आली की मला एकटीला खाली जाता येत नाही. म्हणून त्या दुपारी मी नेहमीपेक्षा बरेच जास्त ओतले. कमी पडू नये, एवढेच डोक्यात होते. वाढताना ताटाकडे बघून हात थांबतो, तसे इंजिनात बघून काही कळत नाही.

शनिवारी पती सकाळी पट्टी बघायला गेले नाहीत. आता गरज नाही म्हणाले. ओवीला कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात न्यायचे ठरले होते. ओवी मागे बसली, मी कुलूप लावून खाली आले, तेवढ्यात पतींनी गाडी सुरू केली. थोड्या वेळात इंजिन आपोआप मोठ्याने ओरडू लागले आणि पार्किंग धुराने भरले. मी ओवीला ओढून बाहेर काढले. पतींनी किल्ली फिरवून बाहेर काढली, तरी इंजिन थांबेना. किल्ली मला दाखवून ते म्हणत होते, "हेमा, किल्ली माझ्या हातात आहे. मग ही चालते कशावर?"

मी महिपतींना फोन लावला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "काकू, मधी कुणी ऑइल टाकलं का?" मी नाही म्हणाले. ते म्हणाले, "काकांना लांब करा. हात घालू देऊ नका." मी मागे वळले तेव्हा पतींनी बोनेट उघडून कशाचा तरी पाइप ओढायला हात घातला होता. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे इंजिनाच्या फिरत्या पट्ट्यात सापडली. महिपती दुचाकीवरून आले आणि इंजिनात हवा जाते त्या तोंडावर फळी दाबून त्यांनी इंजिन बंद केले. ऑइल प्रमाणाबाहेर झाले की इंजिन तेच ओढून जाळत सुटते, तेव्हा किल्लीचा उपयोग नसतो, असे त्यांनी नंतर सांगितले. तोपर्यंत डॉक्टरांनी दोन्ही बोटे काढली होती.

पतींनी रुग्णालयात तक्रार दिली तेव्हा मी खाटेशेजारी होते. दुसरी किल्ली गॅरेजमध्ये असते, आपले काम चांगले झाले असे दिसावे म्हणून महिपती गुपचूप ऑइल भरून जात असणार, असे पतींनी सांगितले. जे मी केले ते सगळे त्यांनी बरोबर सांगितले, फक्त माणूस दुसरा धरला. मी त्यांना पाणी पाजले आणि गप्प बसले. फोनवर मी काय उत्तर दिले, हे महिपतींनी आजपर्यंत पोलिसांना सांगितलेले नाही, असे येथे आल्यावर कळले. त्यांचे गॅरेज तेव्हापासून बंद आहे. महिपती शेलार यांचा यात काहीही दोष नाही. ऑइल मी ओतले आणि खोटेही मीच बोलले.

जबाब वाचून दाखवण्यापूर्वी दार लावू का, असे हवालदारांनी विचारले. बाहेर बाकाच्या एका टोकाला माझे पती व दुसऱ्या टोकाला महिपती बसले आहेत. दार उघडेच ठेवा, असे मी सांगितले.

वाचन चालू असताना पती उठून दारात आले. बोटांबद्दल त्यांनी काही विचारले नाही. ते म्हणाले, "म्हणजे गाडी दुरुस्त झालीच नव्हती?"

मी नाही म्हणाले.

हा प्रश्न व माझे उत्तर माझ्या सांगण्यावरून शेवटी जोडले आहे. संपूर्ण जबाब मोठ्याने वाचला गेला, तो मी आणि बाहेरच्या दोघांनीही ऐकला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे असून बरोबर आहे.