रेणापुरातला दर्या

...अन् वर गावातली माणसं मलाच विचारतेत, ‘शिवमूर्ती, समुद्र कसा असतो रे?’ आता मला काय ठावं? म्या समुद्र बघितला न्हाई हो! तुम्हाला सांगतो, एकोणीस वर्षांचं वय, मठात गुरुपादप्पांच्या हाताखाली भजन शिकलेलो, माझा आवाज लागला की बाया रडायच्या... गुरुजी म्हणायचे, ‘मी गेल्यावर माझ्यापुढं तूच म्हण रे बाबा.’ आयुष्यात तेवढं एकच काम नीट करायचं होतं!

तर मधीच लातूरचा रामकिशन कॅसेटवाला आला. ‘आता आपला जिल्हा झाला! जिल्ह्याला गायक नको? मुंबईकडं कोळीगीतं लई चालायलीत, आठ म्हणून टाक!’ म्हणलं, शेठ, म्या समुद्र बघितला न्हाई हो! तर म्हणतो, ‘ऐकणाऱ्यानं तरी कुठं बघितलाय?’ अन् लाटांच्या आवाजाला सुपात हरभरे घोळले... फोटो काढला मांजरा नदीच्या कोरड्या वाळूत! मी नाखवा होऊन, वल्हं धरून हसायलोय, अन् मागं आमच्या गल्लीतली कोंडाबाई वाळू उकरून काढलेल्या झिऱ्यातनं वाटीवाटीनं घागर भरतीय!

कॅसेट घरी वाजली अन् आई ताडकन उठली. ‘अरे, आपल्या लिंगायताच्या चुलीला अंडं ठाऊक न्हाई, अन् तू पापलेट म्हणतोस?’ म्हणलं, आई, म्या पापलेट बी बघितलं न्हाई गं! भजनी मंडळाचे धोंडप्पा तर लांबूनच, ‘मासळीच्या तोंडानं मठाची वचनं म्हणायची न्हाईत!’ झालं... मंडळातून माझं नाव कमी.

अन् त्याच उन्हाळ्यात गुरुजी गेले. आमच्यात मयताला आडवं न्हाई ठेवत, बसवतेत. विभूती लावून, हार घालून बसवलं, समोर भजन सुरू... अन् मी दाराबाहेर, चपलांपाशी. लई रडलो हो. शेवटी धोंडप्पालाच दया आली, ‘ये बाबा, एक म्हण.’ पेटी ओढली, सूर लावला... तर कोंडाबाई डोळ्याला पदर लावून म्हणती, ‘शिवा, ते दर्याचं म्हण की रे. टँकर येऊन बारा दिवस झाले, पाण्याचं नाव तरी कानावर पडू दे.’ म्हणलं, मावशे, म्या समुद्र बघितला न्हाई गं... पण सगळे माझ्याकडंच बघत होते. म्हणलं मग दर्याचंच... अन् पहिला टाळ धोंडप्पानंच धरला.

तुम्हाला सांगतो, जित्तेपणी एक सूर हलला तरी गुरुजी ताडकन उठून आत जायचे. त्या दिवशी अख्खं कोळीगीत झालं... बसूनच होते बिचारे.