शिळा विनोद

तुम्ही सगळ्या म्हणता ना, की मी नवऱ्याच्या विनोदावर कधी हसत नाही, फार खडूस आहे? मग ऐका.

लग्नाला दोन वर्षं झाली होती, गोरखीच्या राजवाड्याजवळ राहायचो. आमचे हे दरबारच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि डोक्यात भलतंच शास्त्र शिरलेलं. म्हणे, पृथ्वी आपल्याला धरून ठेवते, पण विनोद ऐकला की हसते आणि तिची पकड सुटते.

"हसताना तुझ्या हातून पेला सुटतो की नाही? तसंच!"

एका दुपारी छतावर पापड वाळत घालत होते. मागे वळून बघते तर हे कठड्यावर उभे. तीन मजले खाली दगडी अंगण. धावले असते तर हे दचकून खालीच गेले असते.

"भिऊ नकोस. विनोद सांगतो आणि पाऊल टाकतो. तरंगेन."

"कोणता विनोद?"

"भटजी आणि लाडवाचा."

"अहो, तो तर आपल्या लग्नाच्या पंगतीत सांगितला होतात! तेव्हा पृथ्वी काय बहिरी होती? शिळ्या विनोदावर मी हसत नाही, ती काय हसणार?"

हे थबकले. "खरंच की." मुकाट्यानं आत उतरले. मी मटकन पापडांवरच बसले.

"नवा सुचला की बघू," हे म्हणाले.

वीस वर्षं झाली. अजून जेवताना म्हणतात, "अगं, एक नवाच सुचलाय," आणि माझी नजर आधी छताच्या जिन्याकडे जाते. विनोद चांगला असतो हो. पण मी तोंड वाकडं करून म्हणते, "ऐकलाय."