भैरोबाचं चॅनेल

मंडळी, सांगा बरं, डोळ्यात तेल घालून घर राखणाऱ्या बाईचं माणूस हरवलं, तर चुकलं कोणाचं? थांबा, आधी मृण्मयीची गोष्ट ऐका.

मृण्मयी शिकलेली, पण जीव सदा धाकधुकीत. तीन वर्षांची लेक बाहेर पळू नये म्हणून तिनं दाराची कडी वर बसवून घेतलेली. घरात सासरे, अप्पा. जेवलो की नाही, तेही विसरायचे! पण संध्याकाळी सलीमभाईंच्या केबलवर गावचं चॅनेल लागलं की खुर्चीतून हलायचे नाहीत. वर भैरोबाची आरती, खाली पट्टी – पाणी कधी, कोण वारलं, कोणाची म्हैस हरवली. हसता काय! त्या पट्टीनं म्हशी घरी आल्यात!

मग फायबर आलं. इंटरनेटवरनंच टीव्ही! लेकीचं कार्टून अडकत नाही म्हणून मृण्मयीनं केबल काढून सगळ्यांच्या आधी घेतलं. तिचं बघून गल्लीनं घेतलं. काशीची आरती दिसू लागली हो – भैरोबाची तेवढी गेली. अप्पा रोज विचारायचे, आपला भैरोबा कुठं गेला? ती म्हणायची, हाही देवच ना.

थंडीतली एक संध्याकाळ. लेकीला भरवताना तिनं मान वळवली – खुर्ची रिकामी, दार उघडं. कडी उंच होती, मंडळी. लेकीचा हात पोचत नव्हता. अप्पांचा पोचला.

लेकीला कडेवर घेऊन ती सलीमभाईंकडे धावली. त्यांनी टोमणा मारला नाही. लगेच अप्पांचा फोटो लावला, पट्टी सोडली. फोटो नीट दिसतोय का बघायला तिनं घरी टीव्ही लावला. सगळी चॅनेलं धुंडाळली. मग फोन केला.

"वहिनी, पट्टी चालूच आहे," सलीमभाई म्हणाले. "पण तुमच्या गल्लीत माझी तार राहिलीय कुणाकडे?"

मोबाईलच्या ग्रुपवर टाकलं, ते सुविचारांखाली गाडलं गेलं. नवरा गावभर फिरला.

अप्पा सकाळी सापडले. देवळाच्या वाटेवर, एका बंद दाराच्या ओट्यावर, भिंतीला टेकून. गार. आतल्यांना आवाज आला होता म्हणे, "भैरोबाचं देऊळ कुठं हो?" त्यांना वाटलं, टीव्हीतलं कोणी बोलतंय.

मृण्मयीनं केबल परत घेतली. पट्टीवर अप्पांच्या निधनाची बातमी सरकत होती. गल्लीत ती वाचणारी ती एकटीच.

आता उत्तर मला देऊ नका. घरी जाल, टीव्ही लावाल – त्याआधी दार उघडून ओट्यावर बघा. देव बघून घेईल म्हणाल, तर मंडळी, अप्पा देवाकडेच निघाले होते.